चौथा आकडा

दादाचा फोन आला तेव्हा मी भिलाईजवळच्या चरोद्यात, आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या अंगणात कोहळ्याच्या बड्या वाळत घालत होते. हात पिठाने बरबटलेले, म्हणून फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. "बेबी, इकडे येऊन जाय," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, वैनीचा नवा रिपोर्ट आला असेल. तसं विचारलंही. "रिपोर्ट आला काय?" पलीकडून दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "नाई. आता नाई येत रिपोर्ट." मी काय बोलले ते मला आठवत नाही. शेजारीण सांगते की मी ओरडले, "मग कालच कावून नाई आणलं तिले घरी?" म्हणून. ओरडले असेन. माझा स्वभावच तसा आहे, रडायच्या आधी मला राग येतो.

आता दीड-दोन महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात, आणि वैनीबद्दल ते काही कठीण नाही. कुंदावैनी, माझ्या थोरल्या भावाची, मनोहरदादाची बायको, भिलाईत घरी मुलांना गणित शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठे कुठे आहेत आणि सगळी तिचं नाव काढतात. कठीण आहे ते दादाबद्दल लिहिणं. पण तिच्या शेवटच्या दिवसांतून दादाला वगळलं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून दोघांचंही लिहिते.

वैनी लग्न होऊन आली तेव्हा मी दहावीत होते आणि गणितात हमखास नापास होत होते. आमचे बाबा तुमसरकडची शेती भावांवर सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लांटमध्ये आलेले, कोक ओव्हनला, म्हणजे दगडी कोळशाच्या भट्ट्यांवर. दादाही तिथेच लागला. एका घरात दोन शिफ्टवाले म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी शिफ्ट नाही त्यांना सांगून कळायचं नाही. ए शिफ्ट सकाळची, बी दुपारची, सी रात्रीची, मग सुट्टी आणि फिरून ए. पाहुण्यांना कधी बोलवायचं, कुकरची शिट्टी कधी होऊ द्यायची, मी रेडिओ कधी लावायचा, सगळं त्या चक्रावर. सी शिफ्ट करून आलेला माणूस झोपला असताना आमच्या घरात मांजरसुद्धा पाय न वाजवता चालायची. वारांची नावं मला कदाचित उशिरा पाठ झाली असतील, शिफ्ट मात्र पाळण्यातच पाठ झाली होती.

तर सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता: चार, बारा, छत्तीस, पुढचा आकडा लिहा. मी लिहिलं, चार. मास्तरांनी वर्गात वाचून दाखवलं, सगळे खो-खो हसले. घरी येऊन मी तो पेपर पिठाच्या डब्यामागे कोंबला. नवी नवरी त्या दिवशी पहिल्यांदाच पोळ्यांना बसली होती, तिने डबा ओढला आणि पेपर तिच्या मांडीत पडला. आली का पंचाईत! मला वाटलं आता ही दादाला सांगणार. वैनीने पेपर उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "चार कावून लिहिलं व बेबीताई?" मी म्हटलं, "तीन झाले ना. मंग फिरून पहिलाच येईन." ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग पदर तोंडात कोंबून अशी हसली की लाटणं गडगडत ओट्याखाली गेलं. "माय व! तू तं गणिताले शिफ्ट लावून देली!"

पण त्या हसण्यात मास्तरांच्या हसण्यासारखं बोचणारं काही नव्हतं. पोळ्या झाल्यावर तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "पाय बेबी, तुयं काही आभाळ नाई कोसळलं. नुसते तीन आकडे पाहून चौथा कोणी काहीही लिहू शकते. आकडा नको सांगू, पहिले नियम सांग. तुयाही एक नियम आहे, फिरून येणारा. पण इथं वरतं लिहून देलं आहे का गुणोत्तर सारखं आहे. मंग सांग, चाराचे बारा कसे झाले?" मी म्हटलं, तिनाने गुणून. "अन् बाराचे छत्तीस?" तेही तिनानेच. "मंग हे फिरून खाली येईन काय?" मी मान हलवली. तो माझ्या आयुष्यातला गणितातला पहिला खरा आकडा, एकशे आठ. स्वयंपाकघरात मी तिची 'बेबीताई' होते, नणंदेचा मान म्हणून, पण ती शिकवायला बसली की मी लगेच 'बेबी' व्हायची. हे तिने शेवटपर्यंत पाळलं.

त्या वर्षी तिने मला श्रेढी शिकवली, मिळवत वाढणारी एपी आणि गुणत वाढणारी जीपी, ती पुस्तकातून थोडी आणि रस्त्यावरून जास्त. मला ते 'एन वजा एक' काही केल्या समजत नव्हतं. दहावं पद काढायचं तर फरक दहा वेळा मिळवायचा, नऊ वेळा कशाला? हा मला मास्तरांचा निव्वळ आगाऊपणा वाटायचा. वैनीने मला चप्पल घालायला लावली आणि सेक्टरच्या रस्त्यावर नेऊन विजेच्या खांबाला पाठ टेकवून उभं केलं. "आता दहाव्या खांबापर्यंत जाय. दोन खांबांमधलं अंतर किती डाव चालली ते मोजजो." मी चालले, मोजलं, नऊ भरले. "पहिल्या खांबाशी तू उभीच होती," ती म्हणाली, "तिथपर्यंत चालत कावून जाशीन?" बस, एवढंच. आजही मी चरोद्याच्या फलाटावर उभी असले की खांबांकडे पाहून ते वाक्य आठवतं, आणि मी तेव्हा पास झाले त्याचं श्रेय सरळसरळ त्या खांबांना आणि तिला आहे.

पुढे दादा-वैनी भिलाईतच, रिसालीत स्वतःच्या घरात गेले आणि समोरच्या खोलीत, खिडकीपाशी, तिची शिकवणी सुरू झाली. नव्या पोरांना ती पहिल्या दिवशी तीन आकडे द्यायची आणि चौथा लिहायला सांगायची. जो पहिलाच आकडा फिरून लिहील त्याला विचारायची, "तुझे पापा शिफ्टमध्ये आहेत ना रे?" बहुतेक वेळा असायचेच. साहेबांच्या पोरांकडून ती चूक होत नसे, ते दुसऱ्या चुका करत. दादा ड्यूटीवरून आला की दारातूनच चिडवायचा, "झालं काय तुमचं एपी-जीपी? आता आमची चहा-पी होऊ द्या!" पोट्टे हसायचे, वैनी डोळे वटारायची. दादाला गणितात रस नव्हता, पण शिकवणी चालू असताना तो आतल्या खोलीत पेपर समोर धरून बसायचा आणि एकच पान कितीतरी वेळ उलटायचा नाही. त्यांची पोरगी रश्मी मोठी झाली, हैदराबादला नोकरीला गेली. दादा रिटायर झाला. शिकवणी चालूच होती.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वैनीचे डोळे पिवळे दिसायला लागले. आमच्यात कावीळ म्हटलं की डॉक्टरच्या आधी माळ आठवते. नंदिनीकडच्या एका गावात एक म्हातारा माळ देतो. झाडाच्या बारीक काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेल्या, ती डोक्यावर घालायची. कावीळ उतरते तशी माळ लांबत लांबत गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर, अशी समजूत. दादा स्कूटरवर जाऊन घेऊन आला. वैनीला चांगलं माहीत होतं की काड्या सुकल्या की गाठी ढिल्या होतात आणि दोरा सुटतो, त्यात कावीळ कुठे उतरत नाही. तरी तिने घातली. "एवढ्या उन्हात गेले ते," ती म्हणाली, "आता नाई म्हणू काय?" रोज सकाळी दादा बोटं लावून माळ मोजायचा आणि खूश व्हायचा. दवाखान्यातही गेलोच होतो, रक्ताचे रिपोर्ट येत होते. काविळीचा आकडा पहिल्यांदा तीनच्या आसपास, मग सहाच्या वर. मी भेटायला गेले तेव्हा वैनीने मला जवळ बोलावलं. "बेबी," म्हणाली... 'ताई' नाही, नुसतं 'बेबी', म्हणजे शिकवायलाच बसली. "माळ बोटाबोटानं लांबून राहिली, अन् रिपोर्ट दुपटीनं वाढून राहिला. एक एपी, एक जीपी. कोण पुढे जाईन, सांग." मी तिच्यावर खेकसले, असलं अभद्र बोलू नको म्हणून. ती म्हणाली, "अभद्र कायचं? दहावीचं गणित आहे."

तिसरा रिपोर्ट बाराच्या घरात आला, तिला दवाखान्यात भरती केलं आणि मोठ्या तपासण्या झाल्या. स्वादुपिंडापाशी गाठ होती, आणि ती पसरलेली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, आता करण्यासारखं फारसं नाही, त्रास होऊ नये एवढं पाहू, हवं तर घरी घेऊन जा, औषधं लिहून देतो. वैनीने ते शांतपणे ऐकलं आणि एकच गोष्ट मागितली. घर. समोरच्या खोलीत, खिडकीपाशी, जिथे तिची पोरं बसायची तिथे तिला पडायचं होतं. दवाखान्याच्या वासाने तिला मळमळायचं, रात्रभर शेजारचं कोणीतरी कण्हायचं, आणि तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, की त्या हिरव्या पडद्याआड आपण संपून जाऊ. मागणं काही फार मोठं नव्हतं. पण दादा तयार होईना. "पुढचा रिपोर्ट येऊ दे," तो म्हणायचा. "आता उतरन. तीन डाव झाले ना, आता फिरून खाली येईन." साठीपुढचा माणूस, उभं आयुष्य आगीपाशी काढलेला, आणि बोलणं माझ्या दहावीच्या पेपरातलं!

तेव्हा वैनीने ठरवलं की नवऱ्याला शिकवायचं. भांडून, रडून काही होत नाही, समजलं की माणूस आपोआप तयार होतो, यावर तिचा देवासारखा विश्वास होता. दुपारी अंगात थोडी ताकद असायची. त्या वेळी ती उशीला टेकून बसायची, औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पांढऱ्या बाजूवर लिहायची, तीन, सहा, बारा, आणि पेन दादाच्या हातात द्यायची. "चौथा लिहा." दादा चष्मा पुसायचा, बराच वेळ पाहायचा आणि लिहायचा, तीन. "कावून?" "फिरून आला." ती पुन्हा सुरू करायची. कधी कॉलनीतल्या चहाडीचं उदाहरण, एकीने दोघींना सांगितलं, त्या दोघींनी चौघींना, मग संध्याकाळपर्यंत किती जणींना कळलं? कधी पोळीची घडी, एकदा घातली की दोन पदर, पुन्हा घातली की चार. दादा मान डोलवायचा, हाव हाव म्हणायचा, आणि पेन हातात दिलं की पुन्हा तीन. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वैनी कधी चिडायची, "अहो, तुमचं ध्यान कुठी आहे!" म्हणायची, आणि चिडली की तिच्या आवाजात जुना दम यायचा. मी समोर स्टुलावर बसून हे सगळं पाहायची आणि मनात म्हणायची, पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस मी दादाला बाहेर पॅसेजमध्ये गाठलं. म्हटलं, "तुले खरंच समजत नाई का सोंग करून राहिला? डॉक्टर घरी न्या म्हणून राहिले, ती घरी न्या म्हणून राहिली, तू कोणाची वाट पाहून राहिला?" तो भिंतीकडे बघत म्हणाला, "तू गप बस. रिपोर्ट येऊ दे." हैदराबादहून रश्मीचा फोन यायचा, "आत्या, पापा समझ ही नहीं रहे. तू बोल ना त्यांना." मी काय बोलणार कप्पाळ! ती सुट्टी मिळाली की येणार होती, तिकीटही काढलं होतं. त्या संध्याकाळी मी निघताना वैनीने माझा हात धरला. तिच्या हातांचा रंग पाहवत नव्हता. "अख्ख्या भिलाईच्या पोट्ट्यांले समजवलं म्या," ती म्हणाली, "माह्याच नवऱ्याले समजवता नाई येऊन राहिलं..." आणि ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तिचे वडील गेले तेव्हाही नाही. मला तिथेच दादाचा गळा धरावासा वाटला होता.

चौथा रिपोर्ट आलाच नाही. त्याआधीच, त्याच हिरव्या पडद्याआड, सकाळी चहाच्या वेळी ती गेली. दादा तेव्हा खाली कॅन्टीनमध्ये तिच्यासाठी गरम पाणी आणायला गेला होता.

आम्ही तिला रिसालीला घेऊन आलो तेव्हा शेजारच्यांनी दार आधीच उघडून ठेवलं होतं. समोरच्या खोलीत मी पाऊल टाकलं आणि जागीच थबकले. शिकवणीच्या सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केलेल्या आणि खिडकीपाशी खाट मांडलेली. उठबस सोपी व्हावी म्हणून चारही पायांखाली विटा, वर धुतलेली चादर, दोन उशा, मच्छरदाणी चारही कोपऱ्यांना बांधलेली, हाताशी स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या. मला वाटलं, कोणा शेजारणीने घाईत तयारी केली असावी. पण मेलेल्या माणसाला खाटेवर ठेवत नाहीत. खाटेशेजारी फरशीवर चटई टाकली आणि तिला तिथे, खाली ठेवलं. तिचे जुने विद्यार्थी येत होते, प्लांटच्या ड्रेसवरच, पाया पडून जात होते. जागा कमी पडत होती, तरी खाट हलवायचं कोणाला सुचलं नाही.

तेरवी झाली, रश्मी परत गेली. मग एका दुपारी मी दादासाठी डबा घेऊन गेले. खाट तशीच होती, विटांवर. मी म्हटलं, "आता काढून टाकू काय हे? कोणी लावली होती?"

"म्या," दादा म्हणाला.

"कधी?"

"तिनं घर मागितलं, त्याच राती."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. दादा खिडकीबाहेर पाहत सावकाश बोलत होता. "तिनाचे सहा झाले तवाच समजलं होतं व मले. एवढं काय गणित आहे त्याच्यात."

"मंग तिच्यासमोर रोज तीन कावून लिहत होता?" माझा आवाज चढला होता. "रडवलं तू तिले!"

"दिवसभर भिंतीकडे तोंड करून राहे ती," दादा म्हणाला. "मी काही बोललो तं हाव, नाई. डोळेही नाई उघडे. पण शिकवायले लागली का उठून बसे. पेन मागे. मले रागावे. तेवढा अर्धा घंटा ती पहिल्यावानी दिसे. समजलं म्हणलो असतो, तं मंग काय बोलली असती? मरणाचंच बोलली असती. मले ते ऐकणं होत नव्हतं, बेबी."

"अन् घरी आणायचं?"

"आणतच होतो ना. खाट लावूनच ठेवली होती. रोज सकाळी ठरवो का आज आणतो. मंग वाटे, आज एक डाव अजून शिकवू दे. उद्या आणतो."

मी त्याला सोडलं नाही. वडील भाऊ आहे, बायको गेलेला माणूस आहे, काही काही मनात आणलं नाही. म्हटलं, "ती घरी मरायले मागत होती दादा, अन् तू तिच्यापाशी शिकवणी लावून बसला होता." तो "हाव" म्हणाला. म्हटलं, "तिले वाटलं, तिलेच शिकवता आलं नाई. तेच घेऊन गेली ती." तो पुन्हा "हाव" म्हणाला. मग मला रडू आलं, तिच्यासाठी, आणि या मेल्या माणसासाठीही.

दादा उठला. खिडकीतून वारा येत होता, त्याने मच्छरदाणीची एक बाजू वर उडाली होती. ती त्याने खाली ओढली आणि गादीखाली नीट खोचत गेला, आत कोणी झोपलेलं असताना खोचतात तशी, आवाज न करता.